विमानशाळेतले बाकडे

माणसाने सोयीने राहावे की नाही, हा प्रश्न आपल्या परंपरेत फारसा सरळपणे विचारला गेलेला नाही. एकीकडे आपल्या संतांनी झोपडीची आणि घोंगडीची थोरवी गायिली. दुसरीकडे पंडित कवींनी प्रासादांचे खांब, गवाक्षे आणि शय्या मोजण्यात पानेच्या पाने खर्च केली. या दोन टोकांच्या मध्ये जी विस्तृत जागा आहे, जिथे बहुसंख्य माणसे प्रत्यक्षात वावरतात आणि जिथे प्रश्न महालाचा किंवा गुहेचा नसून पाण्याच्या नळाचा, टेकायला मिळणाऱ्या बाकड्याचा आणि डोक्यावरच्या पंख्याचा असतो, तिच्याविषयी आपले नीतिचिंतन बहुधा मौन पाळते. हे मौन मला पूर्वी कधी जाणवले नव्हते. ते जाणवले एका विमानाच्या निमित्ताने.

बेंगळुरूच्या दक्षिण भागात बनशंकरी नावाची वस्ती आहे. तिथे मी बरीच वर्षे राहतो. माझा एक भाचा याच शहरात संगणकाच्या व्यवसायात स्थिरावला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याने दोन मित्रांच्या भागीदारीत एक जुने दोन आसनी विमान विकत घेतले. शहराबाहेरच्या एका लहानशा धावपट्टीच्या कडेला त्यांनी विमान ठेवण्यासाठी पत्र्याची एक प्रशस्त शेड भाड्याने घेतली. एका रविवारी तो हातात कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "मामा, हँगर सजवायचं आहे. काय काय घ्यायचं त्याची यादी केली आहे. पुस्तकांचं एक कपाटही ठेवावं म्हणतो. त्यात काय असावं, ते तुम्ही सांगा."

यादी मी वाचली. आरंभी काचेची वातानुकूलित खोली होती. मग चामड्याचा कोच, शीतकपाट, कॉफीचे यंत्र, मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी संच, गालिचा आणि भिंतीवर लावण्यासाठी जुन्या विमानांची छायाचित्रे. पुस्तकांचे कपाट आठव्या क्रमांकावर होते. त्याखाली जॅक, पाने, चाकांपुढे ठेवायचे ठोकळे, विमान ओढण्याचा दांडा, बॅटरी भारित करण्याचे उपकरण, आग विझवण्याची नळकांडी अशा नोंदी होत्या. यादीत अनावश्यक म्हणावे असे फारसे काही नव्हते, कारण प्रत्येक वस्तूचे समर्थन भाच्यापाशी तयार होते. मला खटकला तो क्रम. परंतु तो का खटकला, हे त्या क्षणी सांगता येईना. साहित्याच्या अभ्यासकाला अशा वेळी जे सुचते तेच मला सुचले: मी शब्दांकडे वळलो.

'हँगर' हा मूळचा फ्रेंच शब्द. शेतावरची अवजारे, गाड्या ठेवण्याची उघडी पडवी असा त्याचा जुना अर्थ. घराजवळची कुंपण घातलेली जागा या अर्थाच्या जर्मानिक शब्दापर्यंत त्याचे मूळ नेले जाते. म्हणजे या शब्दात गोठा आणि घर हे दोन्ही अर्थ जवळजवळ नांदतात. आपल्या 'विमान' शब्दाची कहाणी याहून अर्थपूर्ण आहे. 'वि' हा उपसर्ग आणि 'मा' म्हणजे मोजणे हा धातू यांपासून तो सिद्ध होतो. मान, प्रमाण, परिमाण, अनुमान हे त्याचेच सगोत्र. दक्षिणेकडील स्थापत्यात देवळाच्या गर्भगृहावरील शिखरयुक्त वास्तूला आजही विमान म्हणतात. बेंगळुरूच्या रस्त्यांवरून चालताना अशी विमाने पावलोपावली दिसतात, आणि ती उडत नाहीत. जे मोजून आखले ते विमान. उडणे हा त्या शब्दाला पुढे लाभलेला गुण. मोजणे हा त्याचा धर्म.

आपल्या वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध विमान पुष्पक. रामायणात त्याचे जे दर्शन घडते ते वाहनापेक्षा प्रासादाचे आहे. ब्रह्मदेवासाठी विश्वकर्म्याने ते घडविले, ते कुबेराकडे आले आणि रावणाने बळाने हिरावून घेतले. सुंदरकांडातला हनुमान रात्रीच्या वेळी ते लंकेत पाहतो तेव्हा रत्ने, सोने आणि नक्षी यांनीच त्याचे डोळे दिपतात. सुखसोयींनी भरलेले विमान ही कल्पना, म्हणजे, आपल्याला परकी नाही. तथापि लोकांच्या स्मरणात पुष्पकाचे सोने तितकेसे उरलेले नाही. कितीही माणसे चढली तरी पुष्पकात एक जागा रिकामी राहते, ही समजूत मात्र टिकली. लोकमानसाने त्या प्रचंड यादीतून एकच सोय निवडली, आणि ती मालकाची नव्हती. अजून न आलेल्या माणसाची होती.

याच नावाचे एक विमान या शहरात बनले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने आणि म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० साली बेंगळुरूत विमानांचा कारखाना उभा राहिला. आजच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे ते मूळ. कोल्हापूर जिल्ह्यात १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे हे गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन करून आलेले होते. ते या कारखान्यात दाखल झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एच. टी.-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान १९५१ मध्ये उडाले आणि १९५८ मध्ये 'पुष्पक'. हे नवे पुष्पक दोन आसनांचे, लहान इंजिनाचे, कापडाचे आवरण असलेले होते आणि ते मुख्यतः देशातील उड्डाण मंडळांसाठी तयार केले गेले. रत्ने, गवाक्षे काही नाही. ज्याच्याजवळ विमान नाही अशा तरुणाला उडायला शिकता यावे, एवढ्या मापाने ते आखलेले होते. दुसरे आसन शिकविणाऱ्याचे की शिकणाऱ्याचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

कापडाने मढविलेल्या विमानाला घर लागते, ही चैन नव्हे. उन्हाने कापड जीर्ण होते, पावसाने लाकूड आणि धातू कुजतात, उंदीर तारा कुरतडतात, आणि वादळी वारा हलके विमान उलथवू शकतो. तेव्हा विमानशाळेचे पहिले प्रयोजन यंत्राचे रक्षण हे आहे. परंतु यंत्राचे रक्षण यंत्र करीत नाही, माणूस करतो. इथून पुढे सोयीचा प्रश्न सुरू होतो.

राइट बंधूंचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९०१ साली किल डेव्हिल हिल्स येथील वाळूत त्यांनी आपल्या ग्लायडरसाठी फळ्यांची एक शेड बांधली. पुढच्या वर्षी तीच वाढवून तिच्यात स्वयंपाकाची आणि राहण्याची जागा केली. निजण्यासाठी वर आढ्यालगत खाटा बसविल्या. गोड्या पाण्यासाठी जमिनीत नळ ठोकला. १९०३ मध्ये यंत्रासाठी दुसरी शेड उभारली आणि थंडी वाढली तेव्हा कार्बाइडच्या रिकाम्या डब्याची शेगडी केली. त्या वर्षीच्या १७ डिसेंबरला जे घडले ते सर्वविदित आहे. या सोयींकडे पाहताना कोणाला त्या वैराग्याच्या आड येणाऱ्या वाटणार नाहीत. निजायची जागा, पाणी, ऊब या सर्वांचा कामाशी असलेला धागा तुटलेला नाही. जो तिथे राबत होता तोच तिथे निजत होता.

आपल्याकडेही असे उदाहरण घडले. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोप भागातील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. घराच्या डोक्यावरच त्यांची विमानशाळा होती. जागेची टंचाई हीच तिची सजावट. ते विमान २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले तेव्हा ते गच्चीवरून क्रेनने खाली उतरवावे लागले होते. इथेही घर आणि शाळा यांच्यात भिंत नव्हती. परंतु ती नसण्याचे कारण वैभव हे नव्हते, ध्यास हे होते.

म्हणून एखाद्याने असा निष्कर्ष काढावा की अडचण हीच सर्जनाची जननी आहे आणि सोय तिची सवत. माझ्या पिढीतील अनेकांना हा निष्कर्ष फार प्रिय आहे. आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो, असे सांगताना आमचा आवाज किंचित चढतो. परंतु हा निष्कर्ष खरा नाही. कंदिलाच्या उजेडात जे शिकू शकले नाहीत त्यांची गणती आम्ही करीत नाही. ज्ञानदेवांनी सहाव्या अध्यायात योग्याच्या आसनाची जागा वर्णिली आहे ती पाहावी. गीतेने अत्यंत थोडक्यात सांगितलेली ही गोष्ट ज्ञानदेव किती प्रेमाने फुलवितात! सावली, निर्मळ पाणी, मंद वारा, पाखरांचा मोजका वावर, बसले की उठू नये असे वाटायला लावणारी शांतता. सर्व सोडायला निघालेल्या माणसाच्या सोयीचा एवढा विचार एका विरक्ताने केलेला आहे. चित्त स्थिर व्हावयाचे तर देहाची कुरकुर आधी शमली पाहिजे, हे त्याला ठाऊक होते.

आणखी एक साक्ष आपल्या इतिहासातून काढता येईल. शहाजीराजांची जहागीर एके काळी याच बेंगळुरूत होती. त्यांच्या पुत्राच्या राज्यकारभारात अठरा कारखाने आणि बारा महाल यांची व्यवस्था सांगितली जाते. त्या यादीत तोफखाना आणि दारूखाना आहे, तसाच फरासखाना आणि आबदारखानाही आहे. एकात राहुट्या, बिछायती. दुसऱ्यात पिण्याच्या पाण्याची व्यवस्था. सोय ही तिथे खासगी लाडाची बाब नाही. तिला स्वतंत्र खाते आहे, अधिकारी आहे, हिशेब आहे. डोंगराळ मुलखात, युद्धाच्या धामधुमीत चाललेल्या राज्याला पाण्याच्या खात्याची लाज वाटली नाही. घोड्यासाठी पागा होती. परंतु मोतद्दार तहानेला असेल तर घोडा नीट राहणार नाही, एवढे शहाणपण त्या व्यवस्थेला होते.

हे सारे मनात घोळत असता भाच्याने मला विमानशाळेत नेले. दरवाजा ढकलून आत गेलो तो एका कोपऱ्यात, खिळ्यांना टांगलेल्या हत्यारांची पाटी दिसली. प्रत्येक पान्याच्या, पकडीच्या, पेचकसाच्या मागे त्याच्याच आकाराची काळी छाया रंगविलेली होती. विमान सांभाळणारा कारागीर साठीच्या आसपासचा, बेळगावकडचा, आयुष्यभर विमानांच्याच कामात घालविलेला. त्याने मला त्या छायांचे कारण समजावून दिले. काम संपले की पाटीकडे पाहायचे. छाया उघडी दिसली तर एखादे हत्यार यंत्रात राहिले असे समजायचे, आणि ते सापडेपर्यंत विमान हलू द्यायचे नाही. उडताना नियंत्रणाच्या तारेत अडकलेला एक पाना माणसाचा जीव घेऊ शकतो. इंधन भरताना जमिनीशी जोडायची तार, तेलकट चिंध्यांसाठी झाकणाचा डबा, इंधनाचा नमुना घेण्याची काचेची बरणी हेही त्याने दाखविले. पाणी इंधनाहून जड असल्याने बरणीच्या तळाशी बसते आणि डोळ्यांना दिसते. न दिसले तर ते पुढे इंजिन थांबवून आपले अस्तित्व कळविते.

मी विचारले, "आणखी काय हवं इथे?" तो हसला. म्हणाला, "इमानाला घर झालं, साहेब. आता हात धुवायला एक नळ झाला की बास." आणि मग जरा थांबून, "आणि टेकायला बाकडं."

तो हात रॉकेलने पुसत होता. चहा घ्यायचा तर उभ्याने, नाही तर उलट्या डब्यावर बसून. चाळीस नोंदींच्या यादीत नळ नव्हता, बाकडेही नव्हते. भाचा दुष्ट नाही. त्या कारागिरावर तो विसंबून आहे, त्याचा आदरही करतो, त्याला 'अण्णा' म्हणतो. त्याला फक्त ती उघडी छाया दिसली नव्हती. आपल्या सोयींच्या पाटीवर दुसऱ्याच्या गरजेचा आकार आपण रंगवूनच ठेवीत नाही. म्हणून तिथले रिकामेपण आपल्याला कळत नाही.

मग मला तो क्रम का खटकला होता ते उमगले. गरज, सोय आणि चैन या तीन शब्दांच्या सीमा वस्तूंवरून ठरत नाहीत. पंखा ही कुठे गरज असते, कुठे चैन. सीमा ठरते ती कोणाची सोय कोणाच्या गरजेआधी आली यावरून. कारागिराला नळ मिळाल्यानंतरचा कोच ही सोय आहे. नळाआधी आलेला तोच कोच ही चैन आहे. कोच तोच, चामडे तेच, किंमतही तीच. नीतीचा भेद अनुक्रमात आहे. विमान या शब्दातले मोजणे ते हेच असावे.

इथे दोन आक्षेप संभवतात. पहिला अपरिग्रहाचा. योगसूत्रांनी यमांत ज्याची गणना केली त्या व्रताच्या नावाने कोणी म्हणेल की, सोयी वाढविण्याऐवजी मालकाने आपली यादीच फाडावी. फाडावी, ती त्याची आहे. परंतु अपरिग्रह हे व्रत माणसाने स्वतःपुरते घ्यावयाचे असते. दुसऱ्याच्या वतीने ते कोणाला घेता येत नाही. नोकराला बाकडे न देणाऱ्या मालकाने साधेपणाचा हवाला दिला तर तो दुसऱ्याच्या पाठीवर आपले पुण्य लादतो. गांधीजींच्या साधेपणाचे स्मरण करून आपल्या संस्थांनी किती शिपायांना वर्षानुवर्षे तिपायांवर बसविले असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. ज्या देशात असंख्य माणसांना डोक्यावर धड छप्पर नाही तिथे खासगी विमानाला छप्पर हीच मुळात चैन; मग त्या छपराखाली नळ आधी की कोच आधी, हा वाद पोकळ नव्हे काय? या आक्षेपाला माझ्यापाशी पुरेसे उत्तर नाही आणि असल्याचा आव मी आणणार नाही. भाच्यालाही मी तो ऐकविला. तो बराच वेळ गप्प राहिला. एवढे मात्र मला सांगावेसे वाटते की, मोठा अन्याय मिटेपर्यंत लहान अन्याय तहकूब ठेवता येत नाही. विषमतेच्या प्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. त्या माणसाचे हात आज संध्याकाळी रॉकेलने पुसले जाणार आहेत. किंबहुना मोठ्या प्रश्नाची सतत आठवण काढीत राहणे हा लहान कर्तव्य टाळण्याचा सुसंस्कृत मार्ग असतो, आणि आम्ही लिहिणारी माणसे त्यात विशेष निपुण असतो.

हे वाक्य लिहिताना मी माझ्या अभ्यासिकेत बसलो आहे. तिच्यात चार खुर्च्या आहेत, दोन दिवे आहेत, कोशांसाठी फिरते कपाट आहे. पुण्यातील भाड्याच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून मी जो प्रबंध लिहिला तो या अभ्यासिकेत मला लिहिता आला नसता अशी एक लाडकी कथा मी अनेक वर्षे सांगत आलो आहे. त्या दिवशी विमानशाळेतून परतल्यावर मला वेगळेच काही दिसले. आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाई चहा घेतात तो मागच्या जिन्याच्या पायरीवर. चार खुर्च्या असलेल्या घरात. त्यांना कोणी मना केलेले नाही. कोणी बसा असेही म्हटलेले नाही. दया पवार आणि नामदेव ढसाळ मी वर्गात शिकविले, त्यांवर लेख लिहिले; पण तो जिना माझ्या टीकादृष्टीच्या कक्षेत कधी आला नाही. भाच्याच्या यादीत मी ज्या सहजतेने चूक काढली तिची लाज वाटावी, असा तो क्षण होता.

पुढची हकीकत थोडकी आहे. भाच्याने नळ बसविला, त्याखाली मोरी केली, आणि सुताराकडून सहा फुटांचे एक लाकडी बाकडे करून घेतले. कोच अजून आलेला नाही. येईलही, आणि येऊ नये असे मला वाटत नाही. थकलेल्या वैमानिकाने क्षणभर आराम करणे हे सुरक्षिततेचेच अंग आहे. मजेची गोष्ट अशी की आता तिघे भागीदारही बाकड्यावरच बसतात, कारण विमानाविषयीचे खरे बोलणे तिथेच चालते. पुस्तकांच्या कपाटासाठी मी यादी दिली नाही. ज्या ग्रंथांची तिथे गरज आहे, म्हणजे त्या विमानाची देखभालपुस्तिका आणि नोंदवही, ती अण्णाच्या हाताशी असलेल्या फळीवर आधीच होती, आणि त्यांच्या पानांवर तेलाच्या बोटांचे ठसे होते. कोणत्याही ग्रंथकाराने हेवा करावा असे ते ठसे.

आमच्या घरी मात्र गोष्ट इतकी सोपी नव्हती. बाईंना मी खुर्चीवर बसा म्हटले तेव्हा त्या संकोचल्या आणि दोन दिवस चहा न घेताच गेल्या. एका वाक्याने पायरी पुसता येत नाही, हेही मला शिकावे लागले. तिसऱ्या दिवशी माझी पत्नी स्वतःचा कप घेऊन त्यांच्याशेजारी पायरीवर जाऊन बसली. आता त्या दोघी स्वयंपाकघरातल्या मेजाशी बसतात. मी अजून त्यांच्यात बसलेलो नाही.

मंगळवारी दुपारी राहुकाळात बनशंकरीच्या देवळावरून जाताना बायका लिंबे कापताना दिसतात. रस पिळून घेतलेली फोड उलटी करायची, तिच्यात तेल-वात घालायची, की दिवा झाला. पितळेची निरांजने ज्यांच्या घरी आहेत त्याही इथे येऊन सालीचाच दिवा लावतात. या देवीचे मूळ स्थान बदामीजवळ. दुष्काळात भाजीपाल्याने जगाला जगविणारी शाकंभरी ती हीच, अशी श्रद्धा आहे. तिने त्या वेळी काय काय पुरविले याची यादी पुराणे देतात. आधी कोणाला पुरविले, हे सांगण्याची त्यांना गरज वाटली नसावी. जो अधिक भुकेला होता त्यालाच, हे ऐकणाऱ्यांनी गृहीत धरले असेल.